वकिलाच्या कचेरीतली नोकरी : पारालीगल म्हणजे काय, आणि काय नाही



पेसाखच्या सुमारास एका आजीबाईंचे पत्र संपादकांकडे आले. त्यांची नात सैन्यातून सुटली आहे. बाग्रूत चांगली झाली आहे, पण पुढे काय करायचे ते ठरत नाही. एका कॉलेजची जाहिरात तिने पाहिली. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग, आणि काही महिन्यांत 'पारालीगल'चे सर्टिफिकेट. आजीबाईंनी विचारले, "कोर्स झाला म्हणजे आमची मुलगी ओरेख-दीन झाली म्हणायची का? आणि नसेल, तर इतके शेकेल कशापायी भरायचे?"

संपादकांनी ते पत्र आम्हा तिघींकडे पाठवले. आमच्यातली एक अश्दोदला घर-जमिनीचे काम करणाऱ्या वकिलाकडे आहे. दुसरी बेएर शेवाला, अपघात आणि बितुआख लेउमीच्या दाव्यांत. तिसरी लोदला वारशाची आणि घरगुती प्रकरणे बघायची, ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिघींची मिळून साठाहून जास्त वर्षे वकिलांच्या कचेऱ्यांत गेली. आम्ही लागलो तेव्हा आम्हांला 'मझकिरा मिशपातीत', म्हणजे कायद्याच्या कचेरीतली सेक्रेटरी, म्हणत. 'पारालीगल' हा शब्द नंतर आला. काही कचेऱ्यांत दोन्ही कामे निराळी असतात, पुष्कळ ठिकाणी एकच बाई दोन्ही करते आणि दारावरची पाटी तेवढी बदलते.

आजीबाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. नाही, वकील होत नाही. वकील व्हायचे तर कायद्याची पदवी, मग हितमाखुत म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, मग लिश्कात ओर्खे हादीनच्या परीक्षा, हाच रस्ता. पारालीगलचा कोर्स त्या रस्त्यावरची पायरी नव्हे. इंग्लंडात लीगल एक्झिक्युटिव्ह म्हणून एक मान्य वाट आहे, कचेरीत काम करता करता परीक्षा देत माणूस वर चढतो. आपल्या देशात तशी सोय नाही. इथे पारालीगलला लायसन्स नाही, सरकारी नोंदवही नाही, आणि अमुक कोर्स केल्याशिवाय हे काम करता येणार नाही असा कायदाही नाही. म्हणून जाहिरातीत 'लायसन्स' असा शब्द दिसला की आपण सावध व्हावे. सर्टिफिकेट त्या कॉलेजचे असते, राज्याचे नव्हे.

रब्बानी कोर्टातला तोएन रब्बानी ही गोष्ट वेगळी. त्याला परीक्षा आहे, परवाना आहे, आणि तो पक्षकाराच्या वतीने दायानांपुढे उभा राहून बोलू शकतो. स्त्रियाही आता ते काम करतात. कुणाच्या मुलीला हलाखाची आवड असेल तर तो मार्ग जरूर पाहावा, पण त्याचा अभ्यास निराळा आणि लांब आहे.

मग कोर्स कशाला? आमचे तिघींचे यावर एकमत नाही. अश्दोदची म्हणते, कोर्स केला नसता तर पहिल्या कचेरीच्या दारात कुणी उभे केले नसते. लोदच्या बाईंनी कसलाच कोर्स केला नाही. त्या टायपिंगवर लागल्या आणि बाकीचे फायली वाचून शिकल्या. बेएर शेवाच्या बाईंनी पैसे भरले आणि पस्तावल्या. त्यांचे कॉलेज (नाव लिहिण्याचे कारण नाही) 'नोकरीची हमी' देत होते. कोर्स संपल्यावर त्यांना सात कचेऱ्यांचे फोन नंबर लिहिलेला एक कागद मिळाला. त्यांतल्या दोन बंद झाल्या होत्या, आणि एकीने सांगितले की आम्ही कधी माणूस मागितलाच नव्हता. हमी ती एवढीच.

म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजात जाऊन तोंडाने नव्हे, कागदावर विचारून घ्यावे. शिकवणारे आज कचेरीत काम करणारे आहेत की नुसते व्याख्याते? 'नेत हामिशपात', म्हणजे कोर्टांची संगणकावरची फाईल-व्यवस्था, प्रत्यक्ष दाखवणार की चित्रे दाखवणार? एखाद्या कचेरीत काही आठवडे बसवणार का? मधेच सोडले तर पैसे परत किती? सैन्यातून सुटलेल्या मुलामुलींचा पिकादोन सुटल्यापासून पाच वर्षांत ठरावीक कामांसाठीच काढता येतो, आणि व्यवसायाचे शिक्षण हे त्यातले एक काम आहे. पण संस्था मान्य यादीत पाहिजे. हे कॉलेजच्या विक्रेत्याला विचारू नये, सुटलेल्या सैनिकांच्या सरकारी विभागालाच विचारावे. ज्यांची नोकरी गेली आहे त्यांनी शेरुत हातआसुकाच्या कचेरीत विचारावे, तिथून कधी कधी प्रशिक्षणासाठी व्हाउचर मिळते. एखादी मुलगी शेरुत लेउमी करणार असेल तर कोर्टात किंवा न्याय मंत्रालयाच्या कचेरीत जागा मागून पाहावी. वर्षभरात जे कानावर पडते ते वर्गात पडत नाही.

आता काम काय असते ते सांगतो, कारण टीव्हीवरच्या अमेरिकन मालिका पाहून मुलींचा भलताच समज होतो. तिथली पारालीगल खुनी शोधते. आमची पारालीगल इरियाच्या खिडकीशी उभी असते.

एक घर विकले जाते असे धरा. विकणारा आणि घेणारा वकिलाकडे सही करून पेढे वाटायला मोकळे होतात. पारालीगलचे काम तिथून पुढे सुरू होते. सहीच्या आधीच तिने नेसाख ताबू काढलेला असतो, म्हणजे जमीन-नोंदणीचा उतारा. आपल्याकडचा सातबारा आठवा. त्यावर गुश आणि खेल्का, म्हणजे गट आणि हिस्सा यांचे आकडे, मालकाचे नाव, त्याचा झेहूत नंबर, बँकेचा मशकांता, कुणाची जप्ती असेल तर ती, असे सगळे असते. सही झाल्यावर घेणाऱ्याच्या नावे हेआरात अझ्हारा नोंदवायची, म्हणजे 'हे घर विकायचे ठरले आहे' असा इशारा. 1969 च्या जमीन कायद्यात 126 व्या कलमाखाली तो असतो. ही नोंद राहिली आणि तेवढ्यात विकणाऱ्याच्या सावकाराने जप्ती आणली, तर घेणाऱ्याच्या जन्मभराच्या पैशावर टाच येते. मग 30 दिवसांच्या आत करखात्याला व्यवहार कळवायचा. विकणाऱ्याचा मास शेवाख, घेणाऱ्याचा मास रेखिशा. मग इरियाचा दाखला, की या घराची कसलीही बाकी नाही. हे सारे कागद जमले म्हणजे ताबूत नाव चढते. यातल्या एका कागदाची मुदत संपली की काही गोष्टी पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या लोकांची घरे पुष्कळशी आमिदारची होती. दिमोना, येरुखाम, लोद, बेएर शेवा, इथल्या शिक्कूनमध्ये आईबाप भाड्याने राहिले आणि मागाहून त्यांनी ती विकत घेतली. कितीएकांनी घर घेतल्याचा करार कपाटात ठेवला आणि ताबूत नोंद केलीच नाही. पैसे भरले, घर आपले झाले, आता आणखी कचेरीत कशाला जायचे! मग म्हातारा-म्हातारी जातात आणि मुलांना कळते की नोंदवहीत वडिलांचे नावच नाही.

आणि नाव असले तरी कोणते? इथे आमच्या समाजाचे खास दुखणे आहे, आणि या नोकरीत मराठी कामाला येते ती इथेच. मुंबईच्या जन्माच्या दाखल्यावर 'सॅम्युएल मोझेस'. मोझेस हे बापाचे नाव. तेऊदात झेहूतवर 'शमुएल पेणकर'. हिब्रूत पे हे अक्षर प आणि फ दोन्हींना चालते, म्हणून बँकेच्या कागदावर कुणी तरी त्याचा 'फेनकर' केला. चिंचोलकरांच्या त्सादीवरचा तो लहानसा चटका राहून गेला की चिंचोलकराचा 'त्सिंत्सोलकर' होतो. आवसकरांचा वाव कुठे व होतो कुठे ओ. द आणि ड यांना तर एकच दालेत. सही करणारा माणूस एकच, पण फायलीत चार माणसे. जी मुलगी आपल्या आजीकडून पेण, किहीम, आवास, झिराड ही गावे ऐकून वाढली तिला हे चार एक आहेत ते दिसते. शेजारच्या टेबलावरच्या हुशार मुलीला दिसत नाही, त्यात तिचा दोष नाही.

लोदला एक विधवा बाई आमच्याकडे आल्या होत्या. नवरा गेला, तीन मुले, त्यांतला एक कॅनडात. घर विकून मुलीजवळ राहायला जायचे होते. घेणारा मिळाला, किंमत ठरली. त्साव येरुशा म्हणजे वारसाचा हुकूम निघाला एका नावाने, आमिदारचा करार दुसऱ्या नावाने, आणि करारावर झेहूत नंबरच्या ऐवजी भारतीय पासपोर्टचा नंबर, कारण करार आल्या-आल्या झाला होता. घेणारा थांबेना. आम्ही मुंबईहून आणलेली जुनी ट्रंक उघडायला सांगितली. तिच्यात नवऱ्याचा तो जुना पासपोर्ट निघाला, तोच नंबर, आणि आत बापाचे नाव. त्यावरून वकिलांनी तत्सहीर म्हणजे प्रतिज्ञापत्र केले, मिस्राद हापनीममधून नाव बदलल्याचा दाखला आणला, आणि काम पुढे सरकले. तरी पहिला घेणारा गेलाच. बाईंना घर विकायला आणखी आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत त्या एकट्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना सांगतो : जुने पासपोर्ट फेकू नका.

भारतातल्या मालमत्तेचे कागदही अधूनमधून येतात. रायगड जिल्ह्यात कुणाची वाडी, मुंबईत कुणाची खोली. इथून भावाला मुखत्यारपत्र पाठवायचे असले तर ते नोटेरियनपुढे करायचे, त्यावर अपोस्टील घ्यायचा (भारतात अपोस्टील 2005 पासून चालतो), आणि तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राची मुद्रांक भरायची. हे शेवटचे लोक विसरतात. खरेदीखत मोडीत असेल तर मग प्रार्थनाच करावी, मोडी वाचणारा इथे आम्हांला अजून भेटलेला नाही.

अपघाताच्या आणि बितुआख लेउमीच्या फायली म्हणजे कागद गोळा करण्याचे काम. कुपात खोलीम, हॉस्पिटल, कामाच्या ठिकाणची पगारपत्रके. आजाऱ्याची गुप्तता सोडल्याची सही घेतल्याशिवाय कुणी कागद देत नाही, आणि प्रत्येक संस्थेला आपलाच फॉर्म हवा असतो. बेएर शेवाच्या बाई सांगतात की निम्मा दावा डॉक्टरच्या एका ओळीवर उभा असतो : पहिल्या दिवशी दवाखान्यात दुखापत कशी झाली म्हणून लिहिले आहे? आपल्या माणसांना 'कसे झाले' विचारले की ते म्हणतात, काही नाही, पडलो. डॉक्टर लिहितो 'पडला'. कारखान्यात पडला हे राहून जाते. मग कामावरचा अपघात सिद्ध करायला दोन वर्षे. जाता जाता हेही सांगून ठेवतो की वैद्यकीय कमिटीपुढे जाण्याआधी बितुआख लेउमीचीच 'याद मेखावेनेत' नावाची सल्ला-सेवा आहे आणि ती फुकट आहे. टक्केवारी मागणाऱ्या कंपनीकडे धावण्याआधी तिथे जावे.

सर्वांत जास्त भीती तारखांची. दिवाणी दाव्याची कैफियत देण्याची मुदत पूर्वी 30 दिवस होती, 2021 च्या जानेवारीपासून नव्या नियमांनी ती 60 झाली. दिवस मोजायचे ते कागद हातात पडल्यापासून. आमच्यापैकी एकीने (कोण ते तिने लिहू दिले नाही) नोकरीच्या पहिल्याच वर्षी वकिलाने पाकीट उघडले तो दिवस डायरीत लिहिला. पोचपावतीवरचा दिवस पाच दिवस आधीचा होता. पाकीट टेबलावर पडून राहिले होते. समोरच्या पक्षाने लगेच हुकूमनामा मागितला. वकिलांनी अर्ज करून तो फिरवून घेतला, पण कोर्टाने खर्च बसवला, आणि तो खर्च अशिलाने नव्हे, कचेरीने भरला. वकील ओरडले नाहीत. त्यांनी फक्त ती पोचपावती तिच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली, आणि ती कितीतरी वर्षे तिथे होती. आता आम्ही तिघीही पाकीट आले की आधी पाकिटावरच तारीख आणि वेळ लिहितो, मग उघडतो. आणि पग्रा म्हणजे कोर्टाच्या सुट्टीचे दिवस मोजायचे की नाहीत हे स्वतः ठरवत नाही. कितीही वर्षे झाली तरी वकिलाला विचारतो आणि त्यांचे उत्तर फायलीत लिहून ठेवतो.

या नोकरीला काय काय येत असले पाहिजे? हिब्रू टायपिंग, कीबोर्डकडे न बघता. हे आले नाही तर बाकीचे सगळे मंद होते, आणि यासाठी कॉलेजची गरज नाही, घरी रोज अर्धा तास केला की तीन-चार महिन्यांत बसते. वर्ड आणि एक्सेल. ओडकानीतसारखा कचेरीचा प्रोग्राम, तो कामावर लागल्यावर शिकता येतो. कायद्याची हिब्रू ही रस्त्यावरची हिब्रू नव्हे, आणि इथे जन्मलेल्या मुलींनाही ती नवीनच असते. त्यात संक्षेपांचा सुळसुळाट. ताव-आलेफ असे फायलीवर लिहिले म्हणजे तिक एझराखी, दिवाणी प्रकरण. आमच्या कचेरीत एका नव्या मुलीने बेएर शेवाच्या फायलींचा एक मोठा गठ्ठा तेल अवीवच्या कपाटात लावून ठेवला होता. तिची चूक तशी समजण्यासारखी होती, तेल अवीवलाही आपण ताव-आलेफच लिहितो.

इंग्रजी थोडी हवी. मराठी ही अधिक जमा, पण तिच्यावर नोकरी मिळेल असे कुणी धरू नये.

आता जी गोष्ट आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. 1961 च्या ओर्खे हादीनच्या कायद्याने काही कामे फक्त वकिलांसाठी राखून ठेवली आहेत. कोर्टात आणि सरकारी अधिकाऱ्यांपुढे दुसऱ्याच्या वतीने उभे राहणे, कायदेशीर दस्तऐवज करणे, कायद्याचा सल्ला देणे. पारालीगल हे सर्व वकिलाच्या हाताखाली तयार करते, पण सही वकिलाची, जबाबदारी वकिलाची. तिने स्वतःच्या नावाने पैसे घेऊन हे केले तर तो गुन्हा ठरतो. तत्सहीरवर सही घेतानाही माणूस वकिलासमोर बसला पाहिजे. काही कचेऱ्यांत सेक्रेटरी सही घेते आणि वकील संध्याकाळी एकदम सगळ्यांवर शिक्का मारतात. तुमच्या मुलीला असे करायला सांगितले तर तिने नम्रपणे नाही म्हणावे. नोकरी गेली तरी चालेल. उलटतपासणीत "तुम्ही सही कुणापुढे केली?" एवढाच प्रश्न येतो आणि प्रतिज्ञापत्र मोडते.

हे कचेरीत पाळणे सोपे आहे. शब्बाथला जेवणाच्या टेबलावर पाळणे अवघड आहे. मुलगी वकिलाकडे लागली म्हटले की काका, आत्या, शेजारीण, मशिदीतले गब्बाय, सगळे कागद घेऊन येतात. "तुला एवढे येत नाही? दोन ओळी लिहून दे." आपल्या समाजात मोठ्यांना नाही म्हणणे म्हणजे पाप.

आमच्या माहितीतल्या एका घरात असे झाले. आजीला मृत्युपत्र करायचे होते. नात वकिलाकडे कामाला. तिने शेवटची सहा वर्षे आजीला सांभाळले होते, औषधे, दवाखाना, अंघोळ सगळे. आजीने तिला सांगितले, तू टाईप कर, घराचा अर्धा हिस्सा तुला आणि बाकीचा सगळ्यांना. नातीने कचेरीतला नमुना घेऊन नीट टाईप केले, दोन साक्षीदार बोलावले, सह्या झाल्या. आजी गेल्यावर मामांनी हरकत घेतली आणि प्रकरण कौटुंबिक कोर्टात गेले. 1965 च्या वारसा कायद्याचे 35 वे कलम स्पष्ट आहे. ज्याने मृत्युपत्र तयार केले, जो त्याचा साक्षीदार झाला किंवा ज्याने ते करण्यात इतर रीतीने भाग घेतला, त्याला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला दिलेली देणगी रद्द. नातीची लबाडी नव्हती हे मामांनाही ठाऊक होते. कलम लबाडी विचारत नाही. अर्धा हिस्सा गेला. ती ज्या कचेरीत काम करत होती तिथल्या कुठल्याही वकिलाला तिने एक शब्द विचारला असता तर त्याने तिला खोलीबाहेर जायला सांगितले असते आणि आजीची इच्छा राहिली असती. आजीने स्वतःच्या हाताने मराठीत लिहून, तारीख घालून, सही केली असती तरी चालले असते. हाताने लिहिलेले मृत्युपत्र कायदा मानतो, पण ते अथपासून इतिपर्यंत तिच्याच अक्षरात पाहिजे, आणि भाषा हिब्रूच हवी असे त्यात नाही. ते घर आता विकले गेले आहे आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या मेंदीलाही जात नाहीत.

म्हणून आम्ही तिघींनी आपापल्या घरी एक ठरवले आहे. कागद वाचून दाखवू, हिब्रूचे मराठी करू, कोणत्या कचेरीत जायचे आणि बरोबर काय न्यायचे ते सांगू, फोन लावून देऊ. लिहून देणार नाही आणि 'तुमचा हक्क आहे' असे म्हणणार नाही, माहीत असले तरी. पैसे नसतील त्यांच्यासाठी न्याय मंत्रालयाचा सियूआ मिशपाती आहे, मिळकत कमी असेल तर तिथे वकील मिळतो. इरियातल्या शीलच्या सल्ला-केंद्रात स्वयंसेवक बसतात. सुरुवातीला नातेवाईक रागावले. "पंख फुटले," म्हणाले. आता तेच दुसऱ्यांना सांगतात की हिच्याकडे जा, ही बरोबर दार दाखवते.

तोंड बंद ठेवणे हेही तसेच. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त, आणि कायद्याने ते बंधन वकिलाच्या नोकरांवरही आहे. लहान समाजात याचा अर्थ काय ते आम्हांला विचारा. ज्या बाईच्या घटस्फोटाची फाईल आपण सकाळी लावली तीच संध्याकाळी मलिद्याच्या ताटाशी आपल्या शेजारी बसते, आणि तिची जाऊ समोरून विचारते, "काय गं, आमच्या हिचे कुठवर आले?" तेव्हा "कुणाचे?" एवढेच म्हणायचे आणि पोहे वाढायचे. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई मरेपर्यंत म्हणत, हिला काही विचारण्यात अर्थ नाही, हिला कुणाचेच काही ठाऊक नसते. ती हे आपले सर्वांत चांगले सर्टिफिकेट मानते.

पगाराविषयी खोटे सांगत नाही. सुरुवात किमान वेतनाच्या आसपासच होते, आणि लहान गावातल्या एकट्या वकिलाकडे ती बरीच वर्षे तिथेच रेंगाळते. मध्य भागातल्या मोठ्या कचेऱ्यांत, जिची एका विषयात बैठक पक्की झाली आहे तिला, बरे मिळते. घर-जमिनीच्या कामात आणि म्हातारपणच्या कागदांत सध्या माणसे हवी असतात. यिपुई कोआख मितमाशेख, म्हणजे माणसाची समज गेल्यावर लागू होणारे मुखत्यारपत्र, 2017 पासून आले आहे. ते सहसा त्यासाठीचे प्रशिक्षण घेतलेला वकील करतो, पण त्या भेटी ठरवणे, मुलांना समजावणे, फॉर्म भरून ठेवणे, हे सारे पारालीगलच करते. वेळेचे म्हणाल तर ठरलेली वेळ फक्त कागदावर, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी घरी फोन करून सांगायचे की जेवून घ्या.

आमच्यातल्या एकीचे आजोबा मुंबईत फोर्टात एका सॉलिसिटरच्या ऑफिसात मॅनेजिंग क्लार्क होते. त्या काळी हाय कोर्टातल्या कामाची खडानखडा माहिती त्या कारकुनांना असे, नवे वकील त्यांना हळूच विचारत. लोकमान्य टिळकांसाठी उभे राहिलेले बॅरिस्टर डेव्हिड एरुळकर आपल्यातलेच, त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक. फायली बांधणाऱ्यांचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. आजोबा म्हणत, साहेब बोलतात, आम्ही तारीख सांभाळतो.

आता आजीबाईंच्या नातीविषयी. तिने लगेच पैसे भरू नयेत. आधी टायपिंग करावे. मग घराजवळच्या दोन-तीन वकिलांकडे जाऊन सांगावे की मी दोन महिने रिसेप्शनवर बसते, फोन घेते, फायली लावते, पगार किमान द्या. एखादी संपलेली फाईल पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत वाचायची परवानगी मागावी. ते वाचताना तिला कंटाळा आला तर हे काम तिचे नव्हे, आणि तिचा पिकादोन वाचला. वेळ कसा गेला ते कळले नाही, तर मग कोर्स बघावा, आणि तेव्हा काय विचारायचे हे तिला आपोआप कळेल. उन्हाळ्यात कोर्टाची पग्रा असते, कचेऱ्या मंद असतात, आणि मग सणांचा महिना येतो. नवी माणसे घ्यायला वकील सुक्कोतनंतरच मोकळे होतात. तोवर तिने अर्ज हिब्रूत लिहून ठेवावा आणि संपादकांकडे पाठवावा. आमच्यापैकी कुणीतरी शुद्धलेखन तपासून परत पाठवील. अर्जावर आडनाव मात्र तेऊदात झेहूतवर आहे तसेच लिहावे, अक्षर न अक्षर.